‘साक्षीदार चाचरतो’ असं लिहा

श्रावणीचा कीबोर्ड साक्षीदाराच्या आधी बोलतो, असं तालुक्याच्या त्या कोर्टात सगळेच म्हणायचे आणि श्रावणीला ते ऐकायला आवडायचं. ती कोर्टाची स्टेनो, मूळची अकोल्याची. नोकरीसाठी अमरावतीत खोली घेतलेली, रोज सव्वाआठची एसटी धरून तासाभरात कोर्टात हजर. सात वर्षांत ती एका गोष्टीत पक्की झाली होती. उलटतपासात वकील काहीही विचारो, निम्म्या उत्तरांची सुरुवात दोनच वाक्यांनी होते: ‘हे म्हणणे खरे आहे की’ किंवा ‘हे म्हणणे खरे नाही की’. ही दोन वाक्यं तिनं दोन-दोन कळांत बसवून ठेवली होती. साक्षीदाराचा ‘हो’ तोंडातून पुरता बाहेर पडेपर्यंत इकडे ओळ पडद्यावर उमटलेली असायची. लांबलचक उत्तरं न्यायाधीश अनुपमा मॅडम स्वतः सांगून लिहून घेत. हो-नाहीची त्यांनी श्रावणीवर सोपवली होती. समोरच्या पडद्यावर नजर तेवढी टाकायच्या. चूक सापडली नव्हती.

ऑगस्टातल्या त्या मंगळवारी बोर्डावर रुख्मिणीबाईंचा रस्त्याचा दावा होता.

बेलसावंगीच्या रुख्मिणीबाईंची पावणेतीन एकर संत्र्याची बाग. बागेत जायला शेजारच्या नत्थुजींच्या वावराच्या उगवतीच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, बैलबंडीची वाट होती, असं बाईंचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी नत्थुजींनी तिथं तार ओढली. तेव्हापासून फळ काढायचं म्हणजे बायांनी डोक्यावर कॅरेट घेऊन नाल्यातून चढायचं. रस्ताच नाही म्हटल्यावर व्यापारी बाग बघायलासुद्धा येईना. दोन बहार असे गेले. तिसरा, आंबियाचा, झाडांवर हिरवा लटकत होता. तोही गेला तर झाडं तोडून तूर पेरायची, एवढंच बाईंच्या हाती उरलं होतं.

नत्थुजींच्या बाजूनं एक कागद होता. पंधरा वर्षांपूर्वी गारपीट झाली तेव्हा बागेच्या नुकसानीचा पंचनामा झाला होता, आणि त्यात एक ओळ अशी होती: ‘बागेत जाण्याचा रस्ता मावळतीच्या बाजूने, नाल्यातून आहे.’ हे सांगणारा पहिला पंच नत्थुजींचा साळा. तो आता हयात नव्हता. त्याच्याखाली एकच ओळ: ‘पंच क्र. २ जानराव यांचे म्हणणे वरीलप्रमाणे.’ आणि जानरावांची सही.

आता तेच जानराव रुख्मिणीबाईंचे साक्षीदार होते, आणि शपथपत्रात म्हणत होते की रस्ता उगवतीच्या धुऱ्यानंच होता, तीस वर्षं त्यांनी स्वतः त्यावरून बंडी हाकली. गावातले त्या वाटेनं गेलेले बाकीचे म्हातारे एकेक करून संपले होते. बाईंचा दावा टिकणार की पडणार, ते या एका माणसाच्या बोलण्यावर होतं.

किशोर शिपायानं पुकारा केला. साठी ओलांडलेला, काटक, गळ्यात दुपट्टा टाकलेला माणूस पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. किशोर शपथेचे शब्द सांगू लागला तसा तोही त्याच्या सुरात सूर मिळवून बोलला: “ईश्वरसाक्ष शपथ घेतो की, खरे सांगेन.” आवाज खणखणीत. मागच्या बाकावरच्या दोघांनी मान वर करून पाहिलं.

नत्थुजींचे वकील उद्धवराव उठले. तीस वर्षांची वकिली, पांढरे केस, आणि समोरच्याला श्वास घेऊ न देणारा वेग.

“जानरावजी, तुमचं वावर कुठं आहे?”

“मा…” जानराव म्हणाले, आणि तिथंच राहिले.

त्यांचे डोळे मिटले. मानेच्या शिरा ताणल्या. ओठ हलत होते, पण त्यातून काही निघत नव्हतं. श्रावणीनं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. बारा सेकंद गेले. मागं कुणीतरी खुसकन हसलं.

“माह्यं वावर नाल्याच्या अंगाले हाय.” वाक्य सुटलं ते एका दमात.

“नाल्याच्या अंगाला. म्हणजे नाल्यातून जाणारा रस्ता रोज दिसतो तुम्हाला?”

“दि… दिसते.”

“मग बाईंच्या बागेत जायचा रस्ता कोणत्या बाजूनं? लवकर सांगा, काही लपवायचं नाही ना?”

जानरावांनी तोंड उघडलं. या वेळी आवाजच आला नाही. पिंजऱ्याच्या कठड्यावरची बोटं पांढरी पडली. पंधरा सेकंद. वीस. रुख्मिणीबाईंचा वकील नितेश, वकिलीत तिसरंच वर्ष, खुर्चीच्या काठावर आला आणि त्याला ते सहन झालं नाही.

“उगवतीच्या!” तो म्हणाला. “उगवतीच्या बाजूनं.”

“मॅडम!” उद्धवराव गरजले. “साक्षीदाराला उत्तर पुरवताहेत!”

“नितेश,” अनुपमा मॅडम शांतपणे म्हणाल्या, “खाली बसा. साक्ष तुमची नाही.”

नितेश बसला. आपल्याच साक्षीदाराच्या तोंडचा घास आपण पाडला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कारण आता जानरावांनी ‘उगवतीच्या’ म्हटलं असतं तरी ते पढवलेलं ठरलं असतं. उद्धवरावांना हेच हवं होतं.

“मॅडम, माझी विनंती आहे. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा घ्यावा. ‘साक्षीदार चाचरतो’ असं लिहा. शपथ कशी घेतली, सगळ्यांनी ऐकलं. शपथपत्रात तर पाच पानं अस्खलित बोललेत! प्रश्न रस्त्याचा आला की मात्र चाचरतात.”

श्रावणीची बोटं कळांवर तयार होती. एक शब्द होता, चार अक्षरांचा. एकदा तो कागदावर गेला की निकाल लिहिताना वाचला जाणार, वरच्या कोर्टातही वाचला जाणार. तिथं जानरावांचा चेहरा नसेल, नुसता शब्द असेल.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “जेवणानंतर ठरवते,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

*

श्रावणी डबा घेऊन मागच्या व्हरांड्यात गेली. पलीकडच्या पायरीवर रुख्मिणीबाई, जानराव आणि नितेश भाकरीचं गाठोडं सोडून बसले होते. तिचं तिकडं लक्ष नसल्यासारखं होतं, पण बाईंचा आवाज काही दबका नव्हता.

“तो वकील म्हणते शपथ कशी बोलला. अरे, त्याले काय माहीत! देवळात आरतीले तुमचा आवाज सगळ्याइच्या वर असते का नाई, भाऊ? संगतीनं बोललं का अटकत नाई माणूस. एकटा पडला का अटकते.”

जानराव घास चावत राहिले.

“पोट्टे अटक्या म्हणते याइले,” बाई नितेशला सांगत होत्या. “मी किती डाव भांडली.”

“म… म्हणू दे ना,” जानराव म्हणाले. “त्याइचे बा… बाप बी तेच म्हणत. न… नवीन काई सुचलं नाई खानदानाले.”

नितेशला हसू आलं, बऱ्याच वेळानं.

श्रावणीनं डबा मिटला आणि अकोल्याला फोन लावला. तिचे वडील वामनराव चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. शब्द विचारला की ते अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसतात, हे तिला फोनवरसुद्धा कळायचं.

“बाबा, चाचरणे म्हणजे काय हो?”

“कोण चाचरलं?”

“ते नाही सांगता येत. अर्थ सांगा.”

“कोश उघडशील तर ‘बोलताना अडखळणे’ मिळेल. पण त्यानं तुझं भागणार नाही, नाहीतर फोन केला नसतास. वाक्यात वापरून बघ. नवी सून नाव घेताना चाचरली, म्हणजे लाजली. दप्तरात काय आहे विचारल्यावर पोरगं चाचरलं, म्हणजे दप्तरात काहीतरी आहे. मी वर्गात ‘न चाचरता सांग’ म्हणायचो, तेव्हा पोरांना कळायचं की सर खरं सांगायला सांगताहेत. चाचरतं ते मन असतं. बोलू की नको, हे की ते, असं त्याचं मागंपुढं चाललेलं असतं.”

“आणि अडखळणे?”

“अडखळतं ते पाऊल, नाहीतर जीभ. जायचं कुठं ते माहीत असतं, वाटेत धोंडा असतो. अशा माणसाला चाचरला म्हणणं म्हणजे लंगड्याला रेंगाळतो म्हणण्यासारखं आहे.”

श्रावणीनं दोन्ही शब्द मनाशी घोळवले.

“माझ्या वर्गात होता असा एक,” वामनराव म्हणाले. “त्याला त्रास नको म्हणून त्याचं वाक्य मीच पुरं करायचो. तीन वर्षं. मला वाटायचं, केवढा मी दयाळू. दहावीच्या निरोपाला त्यानं चिठ्ठी दिली. ‘सर, तुम्ही माझी उत्तरं फार चांगली देता, पण ती माझी नसतात.’”

*

अडीचला कोर्ट बसलं तेव्हा उद्धवराव तयारीनं आले होते. वकिलांच्या खोलीतला जाड कोश त्यांनी बगलेत धरला होता, खुणेला एसटीचं तिकीट घातलेलं.

“मॅडम, शब्दाबद्दल शंका नको म्हणून आणलाय. ‘चाचरणे: बोलताना अडखळणे.’ सरळ अर्थ आहे. मी कुणाला खोटारडा म्हणत नाही.”

“म्हणजे दोन्ही शब्द एकच?”

“अगदी एकच.”

“मग मी ‘साक्षीदार अडखळतो’ असं लिहिते. चालेल?”

उद्धवराव थांबले. “त्यापेक्षा ‘चाचरतो’ बरं राहील, मॅडम.”

“का? एकच आहेत ना?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. खुद्द उद्धवरावांनाही हसू आवरेना. त्यांनी कोश मिटला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पिंजऱ्याकडे तोंड वळवलं.

“तुमचं पूर्ण नाव सांगा.”

जानरावांनी सुरुवात केली. पहिल्या अक्षरावर अडले, वडिलांच्या नावावर अडले, आडनावाला आले तोवर कपाळावर घाम होता. पण नाव पूर्ण केलं.

“किती वेळ लागला, श्रावणी?”

“बावीस सेकंद, मॅडम.”

“आपलं नाव सांगताना कुणी खोटं बोलतं का, उद्धवराव?”

“आरोपी बोलतात, मॅडम.”

“हे आरोपी नाहीत.” मग जानरावांना: “लहानपणापासून असंच बोलता?”

जानरावांनी मान हलवली.

“मान नको. मला मान लिहिता येत नाही. तोंडानं सांगा, मी थांबते.”

जानरावांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मॅडमच्या त्या बोलण्यातलं काय जानरावांच्या मनाला लागलं, ते श्रावणीला तेव्हा समजलं नाही. “प… पयल्यापासून,” ते म्हणाले.

मॅडमनी शेरा सांगितला आणि श्रावणीनं टंकला: ‘साक्षीदार लहानपणापासून अडखळत बोलतो. स्वतःचे नाव सांगतानाही तो तसाच अडखळतो.’ चाचरतो हा शब्द कागदावर आला नाही. श्रावणीला बरं वाटलं. धोंडा ओलांडला, असं तिला वाटलं.

पण उद्धवराव तीस वर्षं उगाच वकिली करत नव्हते. त्यांनी वेग टाकून दिला. आवाज मऊ केला, घरच्या माणसाशी बोलावा तसा. पंचनाम्याचा कागद जानरावांच्या पुढ्यात धरला.

“जानरावजी, ही सही तुमचीच ना?”

“हो.”

“कोणी हात धरून करायला लावली?”

“ना… नाई.”

“तुम्ही सातवी शिकलेले. वाचता येतं तुम्हाला. पंचनामा वाचून, समजून सही केली, असंच ना?”

“हो…” जानराव म्हणाले.

त्याच क्षणी बाजूच्या कारकुनानं मॅडमसमोर दुसऱ्या प्रकरणातला सहीचा कागद सरकवला. उद्धवरावांनी पंचनामा मागं घेतला. “बस, मॅडम. उलटतपास संपला.” आणि श्रावणीच्या बोटांनी दोन कळा दाबल्या. ‘हे म्हणणे खरे आहे की, पंचनामा वाचून व समजून मी त्यावर सही केली.’ ओळ अर्ध्या सेकंदात पूर्ण झाली. शेवटी पूर्णविरामसुद्धा.

जानरावांचं तोंड अजून उघडं होतं. मग ते मिटलं.

साक्षीची पानं छापून निघाली. किशोरनं ती पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवली, पेन दिलं. तळाशी नेहमीची ओळ होती: ‘वाचून पाहिले, बरोबर आहे.’ लोक ती न वाचताच सही करतात. जानरावांनी मात्र पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

“करा बाबाजी सही,” किशोर हळूच म्हणाला. “बेलसावंगीची गाडी सव्वाचारला आहे. मग थेट सहाला.”

बोट सरकत राहिलं. दुसरं पान. तिसरं. शेवटून चौथ्या ओळीशी ते थांबलं. मागं गेलं, पुन्हा त्याच ओळीवरून फिरलं. जानरावांनी पेन कठड्यावर आडवं ठेवलं.

“हे मा… माह्यं नाई.”

उद्धवराव तत्काळ उठले. “मॅडम, याला काय अर्थ आहे? उलटतपास संपलाय! आता शिकवून…”

“कोणी शिकवलं? ते पिंजऱ्यातून उतरलेले नाहीत.” मॅडमनी सहीचा तो दुसरा कागद बाजूला सारला. “कोणती ओळ?”

किशोरनं पान नेऊन दाखवलं. मॅडमनी ओळ वाचली आणि त्या श्रावणीकडे वळल्या.

“श्रावणी, काय म्हणाले होते ते?”

कोर्टातल्या सगळ्या नजरा एकदम तिच्यावर आल्या. उत्तर सोपं होतं आणि खोटंही नव्हतं: ‘हो म्हणाले.’ सात वर्षांत तिच्या एकाही ओळीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिनं जानरावांकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. कधीतरी एकदा झालं तेच परत होताना बघणाऱ्या माणसाची ओळख होती. आणि तिला अकोल्याची चिठ्ठी आठवली. वडिलांनी तीन वर्षं जे दयेपोटी केलं, ते आपण घाईपोटी केलं.

“‘हो’ म्हणाले, मॅडम,” ती म्हणाली. “पण बोलणं संपलं नव्हतं. तोंड उघडं होतं. पुढचं मी वाट न बघता टाकलं.”

“स्टेनो मॅडम,” उद्धवराव म्हणाले, “सात वर्षांत तुमची ओळ चुकल्याचं मी ऐकलं नाही.”

“सापडली नसेल, सर. याआधी कुणी वाचून पाहत नव्हतं.”

अनुपमा मॅडमनी ती ओळ रद्द करायला सांगितली, आपलं पेन टोपण लावून खाली ठेवलं आणि प्रश्न स्वतः विचारला.

“जानराव, पंचनामा वाचून, समजून सही केली का? लागेल तेवढा वेळ घ्या. कोर्ट इथंच आहे.”

श्रावणीनं हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

ते उत्तर पूर्ण व्हायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. कोर्टातली चार मिनिटं लहान नसतात. तेवढ्यात एरवी दोन तारखा पडतात. जानराव डोळे मिटत होते, श्वास घेत होते, शब्दाला धडक देत होते, मागं येत होते, पुन्हा धडक देत होते. पंचनाम्याला नुसतं ‘कागद’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, तो शब्द त्यांना सोपा गेला असता. पण त्यांनी सोपा शब्द घेतला नाही. ‘पंचनामा’ शब्दापुढं ते अकरा सेकंद उभे राहिले आणि त्यांनी तोच शब्द उच्चारला. श्रावणीला आयुष्यात बोलायला कधी कष्ट पडले नव्हते. एका शब्दासाठी माणूस एवढं देतो, हे ती पहिल्यांदा पाहत होती. तिला एकाच वेळी लाजही वाटत होती आणि त्या माणसावरून नजरही काढवत नव्हती.

नितेशनं आपलं तोंड तळव्यानं झाकून घेतलं होतं. दारात किशोरनं पुढचा पुकारा थोपवला होता. रुख्मिणीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. ‘उगवती’ या शब्दाशी जानराव आले आणि पुन्हा अडले, तेव्हा श्रावणीनं सहज समोर पाहिलं. उद्धवरावांचे ओठ ‘उ’च्या आकारात आले होते. त्यांनाही तो शब्द सांगून टाकावासा वाटत होता. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि ते खाली बसले.

वाक्य संपलं की श्रावणी ते टंकत होती. संपल्यावरच. सगळं मिळून कागदावर उतरलं ते असं:

“हो, सही माह्यी हाय. पण पंचनामा वाचून सही नाई केली. लिहिणाऱ्या साहेबानं पहिल्या पंचाले इचारलं, त्यानं मावळती सांगतली. मंग मले इचारलं. मी उगवती सांगून राहिलो होतो. शब्द निघेपर्यंत साहेब जीपकडं पाहून राहिला होता. त्यानं म्हटलं, ‘वरच्यासारखंच ना?’ मी मान हालवली. कावून का हालवली, तर सगळे जण मले पाहून राहिले होते आन् मले लवकर सुटायचं होतं. ते माह्यं चुकलं. पंधरा वर्सं तो धुरा पाहिला का मले ते आठवते. तीस वर्सं मी तठून बंडी हाकली. रस्ता उगवतीचा हाय.”

मॅडमनी ते वऱ्हाडीतच ठेवायला सांगितलं. एरवी त्या प्रमाण मराठीत घालून घेत. “जसं बोलले तसं,” एवढंच म्हणाल्या.

“उद्धवराव, आणखी काही विचारायचं?”

उद्धवराव उभे राहिले. श्रावणीला वाटलं, आता काहीतरी धारदार निघेल. त्यांनी जानरावांकडे पाहिलं, मग हातातल्या पंचनाम्याकडे.

“नाही, मॅडम,” ते म्हणाले.

पानं पुन्हा छापली. जानरावांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. सव्वाचारची गाडी केव्हाच गेली होती. सही करून झाल्यावर उतरताना ते श्रावणीच्या टेबलापाशी क्षणभर थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “तुमी ल… लय जोरात हाकता. ब… बैल धापा टाकते मांगं.”

किशोर तोंड फिरवून हसला. श्रावणीही हसली आणि “हो जी” म्हणाली. मग तिनं सेटिंग उघडून ‘हे म्हणणे खरे आहे की’ ची कळजोडी काढून टाकली. दुसरीही काढली. त्या संध्याकाळी उरलेल्या दोन साक्षींना पाऊणएक तास जास्त लागला आणि तिची सहाची एसटी चुकली.

*

निकाल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला. मॅडम सांगत होत्या, श्रावणी टंकत होती. पंचनाम्याच्या परिच्छेदाशी मॅडम मध्येच थांबल्या. पुढचं वाक्य काय असेल ते श्रावणीला दिसत होतं, तरी तिनं बोटं उचलून धरली. मॅडमना वाक्य सापडायला वेळ लागला. “लिही,” त्या म्हणाल्या. “‘पंच क्रमांक दोनचे म्हणणे वरीलप्रमाणे नव्हते. ते त्या वेळी ऐकूनच घेतलेले नव्हते.’”

तार पंधरा दिवसांत काढायचा आदेश झाला. नत्थुजी अपील करतील असं सगळे म्हणत होते. त्यांनी केलं नाही. उद्धवरावांनीच त्यांना समजावलं, असं नितेश सांगत होता. खरंखोटं श्रावणीला ठाऊक नाही. महिन्याच्या शेवटी संत्र्याचा ट्रक उगवतीच्या धुऱ्यानं थेट बागेशी लागला, हेही नितेशनंच सांगितलं.

पण त्याआधी, निकालाच्या तिसऱ्या दिवशी, नकलांच्या खिडकीवरचा कारकून एक अर्ज घेऊन श्रावणीकडे आला होता. “हे बघा काय ते,” तो म्हणाला. “लोक निकालाची नक्कल मागतात. हे बाबाजी साक्षीचीच मागून राहिले. तेही स्वतःच्या! म्हटलं, तुमचंच बोलणं आहे, तुम्हाला कशाला पाहिजे? तर काही बोलले नाहीत. अर्ज पुढं केला.”

श्रावणीनं अर्ज पाहिला. अक्षर मोठं, सुटं सुटं, सातवीच्या वळणाचं. नाव, गाव, दाव्याचा क्रमांक, सगळं नीट भरलेलं होतं. ‘नक्कल कोणत्या कारणासाठी हवी’ या रकान्यात एकच शब्द होता, आणि त्याच्यापुढं पूर्णविराम दिलेला होता.

‘वाचण्यासाठी.’

तिनं ती नक्कल त्याच दुपारी काढून दिली. देण्याआधी तिनंही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून वाचली.